अभ्यासक्रमाआधी मुलाचा दिवस पाहा

पत्र थोडक्यात

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आलंय. लिहिणारे गृहस्थ ३८ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक. त्यांच्या वडिलांनी तीसेक वर्षांपूर्वी गावात निवासी मदरसा काढला. आज तिथे ६४ मुलगे राहतात. बहुतेक सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी वस्त्यांतले, केळीच्या बागांत आणि कापूस वेचणीला जाणाऱ्या घरांतले. राहणं-खाणं फुकट, खर्च चंद्यावर. नाजरा (कुराण पाहून वाचणं) आणि हिफ्ज (ते तोंडपाठ करून हाफिज होणं) असे दोन वर्ग आहेत, आणि थोडी मोठी मुलं आलिमियतची, म्हणजे धर्मपंडित व्हायच्या अभ्यासाची, सुरुवातीची किताबं शिकतात. मराठी आणि गणित पत्रलेखक स्वतःच शिकवतात, रात्रीच्या इशाच्या नमाजानंतर तासभर, पैसे न घेता. ‘त्या तासाला पोरं पेंगतात,’ असं ते लिहितात.

आता ट्रस्टनं अभ्यासक्रम नव्यानं आखायचं काम त्यांच्यावर सोपवलंय आणि तिथेच गाडं अडलंय. तरुण विश्वस्तांना मदरसा बंद करून इंग्रजी माध्यमाची शाळा हवी आहे, दिनियातचे, म्हणजे धर्मशिक्षणाचे, दोन तास ठेवून. काही जण म्हणतात, निम्मं दीनी, निम्मं दुनियावी करून टाका. वडील म्हणतात, ‘दोन नावांत पाय ठेवला की हाफिज पण कच्चा आणि मॅट्रिक पण कच्ची.’ तीन आठवडे बापलेकांत बोलणं नाही. त्यात पत्रलेखकांच्या स्वतःच्या दहा वर्षांच्या मुलाचे कुराणाच्या तीस पाऱ्यांपैकी (भागांपैकी) पाच पाठ झालेत. त्याला पुढे हिफ्जला बसवावं असं आजोबांना वाटतं, शाळा सुटता कामा नये असं आईला. प्रश्न दोन: ‘दीनी किती टक्के आणि दुनियावी किती टक्के ठेवावं? आणि अब्बांना कसं समजवावं?’

उत्तर

भाऊ, अस्सलामु अलैकुम.

तुमच्या पत्रात टक्क्यांचा हिशेब पुन्हा पुन्हा आलाय. माझ्या मनात मात्र तुम्ही ओझरतं लिहिलेलं एकच वाक्य घर करून राहिलं: इशानंतरच्या तासाला पोरं पेंगतात. पेंगणारच. ती पहाटे फजरच्या अजानीला उठलेली असतात. दिवसभर मांडी घालून, पुढेमागे झुलत पाठ केलेलं असतं. पोटात गरम जेवण गेलेलं असतं. अशा वेळी पुढ्यात भागाकार आला तर मोठा माणूसही पेंगेल.

मी अशा तासाला बसलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका मदरशात पाहुणी म्हणून गेले होते. रात्रीचे साडेनऊ झाले होते, ट्यूबलाइटभोवती पाखरं घोंघावत होती. माझ्या शेजारचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा सतराचा पाढा वाचत होता. ‘सतरा चोक अडुसष्ट’वर त्याचं बोट थांबलं आणि मान खाली गेली. बोट तिथेच राहिलं. सकाळी सहा वाजता तोच मुलगा मी पुन्हा पाहिला. उस्तादांपुढे बसून त्यानं पाऊण पान न अडखळता म्हणून दाखवलं. मूल एकच आणि डोकंही एकच. त्या डोक्याला आपण दिवसाचा कुठला तुकडा देतो, यावर सगळं ठरलं होतं.

म्हणून पहिली गोष्ट अशी की टक्क्यांत विचार करू नका. निम्मं-निम्मं म्हणजे कशाचं निम्मं? तासांचं म्हणाल तर फजरनंतरचा तास आणि इशानंतरचा तास सारखे नसतात. वेळापत्रकावर ते एकाच मापाचे चौकोन दिसतात एवढंच. तुमच्या ट्रस्टमधली भांडणं त्या चौकोनांच्या संख्येवर चाललीत. एकदा मुलाच्या जागी बसून सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस लिहून काढा, मग बोलायला काहीतरी हाती येईल.

दुसरी गोष्ट जरा खोलातली आहे. तुम्ही, तुमचे अब्बा आणि तरुण विश्वस्त एकमेकांशी भांडता खरे, पण एक गोष्ट तिघांनीही गृहीत धरलीय: इल्म, म्हणजे ज्ञान, दोन जातीचं असतं, एक दीनी आणि एक दुनियावी, आणि एकाला जागा दिली की दुसऱ्याची कमी होते. ही वाटणी आपल्याला इतकी अंगवळणी पडलीय की ती पहिल्यापासून अशीच असावी असं वाटतं. ती तशी नाही. इमाम गजाली नऊशे वर्षांपूर्वी लिहून गेले की वैद्यक आणि हिशेब हे फर्ज-ए-किफाया आहेत, म्हणजे समाजातल्या कुणीतरी शिकलेच पाहिजेत, नाहीतर गुन्हा सगळ्यांच्या माथी. त्यांची तक्रारही नोंदलेली आहे: गावात मुसलमान वैद्य एकही नाही आणि फिकह, म्हणजे धर्माचा कायदा, शिकायला मात्र झुंबड. आपल्याकडच्या मदरशांत चालणारा दर्स-ए-निजामी ज्यांच्या नावानं ओळखला जातो, ते लखनौच्या फिरंगी महलचे मुल्ला निजामुद्दीन १७४८ साली वारले. त्यांच्या अभ्यासक्रमात युक्लिडची भूमिती होती, अंकगणित होतं, खगोल होतं, तर्कशास्त्र तर भरपूर होतं. कारण तिथून काजी आणि दरबारातले अंमलदार घडायचे होते. १८६६ साली देवबंदचा मदरसा सुरू झाला तेव्हा भर बदलला. त्यामागची भूमिका अशी होती की नव्या विद्यांसाठी सरकारी शाळा-कॉलेजं आहेतच. इथलं शिक्षण पुरं करून मुलांनी हवं तर तिकडे जावं. म्हणजे त्या बुजुर्गांनी गणिताला हराम म्हटलं नव्हतं, कामाची वाटणी केली होती. त्या वाटणीतलं ‘मग तिकडे जावं’ हे दुसरं पाऊल आपण विसरलो आणि पहिल्याच पावलाला परंपरा म्हणू लागलो. हे तुमच्या अब्बांना माहीत असेल. नसेल तर त्यांना ऐकायला आवडेल, कारण यात त्यांच्या बुजुर्गांचा कमीपणा नाही.

मी ३१ वर्षं गणित शिकवलं. म्हणून गणिताचंच उदाहरण देते, तुमच्या आलिमियतच्या मुलांना उद्याच घालता येईल असं. एक माणूस वारला. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. कर्ज-वसियत वगैरे फेडून चार लाख रुपये उरले. मुलं असल्यामुळे बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे ५० हजार. उरले साडेतीन लाख. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणून दोन अधिक दोन अधिक एक असे पाच भाग. एक भाग ७० हजारांचा. मुलीला ७० हजार, प्रत्येक मुलाला एक लाख ४० हजार. ही फराइजची, वारसाहक्काची किताब आहे आणि हाच सहावी-सातवीचा अपूर्णांक आणि गुणोत्तर आहे. अल-ख्वारिज्मीनं नवव्या शतकात बीजगणितावर जे पुस्तक लिहिलं, त्याचा मोठा भाग अशाच वारसाच्या हिशेबांचा आहे. तुमच्या मदरशातला मुलगा फराइज शिकतो, पण छेद समान करायला त्याला कुणी शिकवत नाही. मग तो उदाहरणं पाठ करतो. बायकोच्या जोडीला आई-बाप आले की अडतो.

उश्रचं, म्हणजे पिकावर द्यायच्या जकातीचं, तसंच. पावसावर पिकलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, स्वतः पाणी देऊन पिकवलेल्याचा विसावा. कोरडवाहू कापूस आणि ठिबकवरची केळी यांतला फरक तुमच्या मुलांना कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगला कळतो, ती त्याच घरांतून आलीत. दहा टक्के आणि पाच टक्के शिकवायला याहून चांगला धडा मी तरी पाहिला नाही.

आणखी एक, कारण ते खास आपल्या खानदेशाचं आहे. अंगणात एक सरळ काठी रोवा. दुपारची जोहर कधी सुरू होते आणि तिसऱ्या प्रहरची असर कधी, हे सावलीवरून सांगतात. हनफी पंथाच्या हिशेबात असरला वस्तूच्या दुप्पट सावली लागते, मूळची दुपारची सावली वगळून. ती मूळची सावली रोज बदलते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जळगावात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. जुलैच्या मध्याच्या सुमारास पुन्हा तसंच होतं, तेव्हा ढग असतात म्हणून दिसत नाही इतकंच. मुलांना स्वतः मोजू द्या, वहीत लिहू द्या. मग पृथ्वीचा गोल आणा. जळगाव आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साधारण २१ अंश. तरी इथून किब्ला, म्हणजे नमाजासाठी मक्केची दिशा, बरोबर पश्चिमेला नाही, पश्चिमेपासून सुमारे सात अंश उत्तरेकडे आहे. का? गोलावर जळगावपासून मक्केपर्यंत दोरा ताणून धरा, तो अक्षांशाच्या रेघेवरून जात नाही, वर चढून मग खाली उतरतो. हे पाहताना मुलांचे चेहरे कसे होतात ते बघा. त्या तासाला कुणी पेंगणार नाही.

मात्र इथे एक सांभाळा. याचा अर्थ विज्ञानाच्या प्रत्येक धड्याला कुराणातली एक आयत चिकटवा असा नाही. तसं करणारी पुस्तकं मी पाहिलीत आणि मला ती दोन्ही बाजूंनी उथळ वाटली. प्रकाशसंश्लेषण प्रकाशसंश्लेषण म्हणूनच शिकवावं, आणि तफसीर, म्हणजे कुराणाचं विवरण, तफसीर म्हणूनच. जिथे दोन विद्या मुळातच एकमेकींत गुंतलेल्या आहेत, जसं की वारसा, जकात, नमाजाच्या वेळा, चांद, अरबी-उर्दू-मराठीतले सामायिक शब्द, तिथे त्या मुलाला गुंतलेल्याच दिसू द्या. बाकी ठिकाणी त्या शेजारी-शेजारी नांदल्या तरी पुष्कळ झालं.

आता अब्बांच्या भीतीकडे येते. ती खरी आहे, भाऊ. तुम्ही पत्रात त्यांना ‘जुन्या वळणाचे’ म्हणून बाजूला सारलंत, ते मला रुचलं नाही. हिफ्ज म्हणजे काय हे घरचंच असल्यामुळे तुम्ही त्याचा भार विसरलात असं वाटतं. रोजचा नवा सबक, मागच्या काही दिवसांचा सबक-पारा आणि जुन्या सगळ्याची उजळणी म्हणजे आमुख्ता, हे तिन्ही रोज व्हावं लागतं. सहा हजारांवर आयती, तीस पारे. पंधरा दिवस आमुख्ता सुटला तर पाचवा पारा सतराव्यात मिसळायला लागतो. हे काम अर्ध्या मनानं होत नाही. त्यांनी तीस वर्षं ते होताना पाहिलंय आणि बिघडतानाही.

त्यांच्या भीतीला परदेशातलाही दाखला आहे. इंडोनेशियात १९७५ साली तीन मंत्र्यांनी मिळून ठरवलं की मदरशांत ७० टक्के सामान्य विषय आणि ३० टक्के धार्मिक विषय असावेत. त्यातून मोठा फायदा झाला: मदरशाचं प्रमाणपत्र शाळेच्या बरोबरीचं झालं, मुलं पुढे कुठल्याही कॉलेजात जाऊ शकली. पण थोड्याच वर्षांत तक्रार सुरू झाली की दीनाचे जाणकार घडेनात. मग १९८७ साली निवडक मदरशांत धार्मिक विषयांवर जास्त भर देणारा खास अभ्यासक्रम त्याच सरकारला सुरू करावा लागला. म्हणजे टक्के ठरवून एकच साचा सगळ्यांना लावला की काहीतरी निसटतं. तुमचे अब्बा ‘दोन्ही कच्चं’ म्हणतात तेव्हा ते हेच सांगताहेत.

आणि तरुण विश्वस्तांचं? त्यांची तळमळ मला पोचते. पण ६४ मुलं तिथे का आहेत, हे त्यांनी एकदा स्वतःला विचारावं. इंग्रजी शाळेची फी ही घरं भरणार नाहीत. मदरसा म्हणजे या मुलांचं वसतिगृह आहे, दोन वेळचं ताट आहे. तो बंद करून शाळा काढलीत तर शाळा चालेल, पण तिच्यात मुलं दुसरीच असतील. ही मुलं वेचणीला जातील.

मग करायचं काय? मदरशात वेगवेगळी मुलं आहेत, त्यांच्यासाठी एकच अभ्यासक्रम आखूच नका.

नाजराची लहान मुलं, सहा ते दहा वर्षांची, मला विचाराल तर त्यांचा दिवस शाळेचा असावा. ती मदरशात राहोत, जेवोत, पण नाव जवळच्या शाळेच्या पटावर असावं आणि रोज दप्तर घेऊन ती शाळेत जावीत. फजरनंतर तासभर आणि संध्याकाळी तासभर ‘कायदा’ (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक) आणि नाजरा. मी स्वतः भुसावळला अशीच शिकले. डोक्याला ओढणी बांधून पहाटे मकतब, घरी येऊन चहा-भाकरी, मग नगरपालिकेची शाळा. केरळात १९५१पासून समस्थ या उलेमांच्या संघटनेच्या शिक्षण मंडळानं हीच रीत सगळीकडे बसवली: शाळेच्या वेळेच्या अलीकडे-पलीकडे मदरसा, त्याची स्वतःची पाठ्यपुस्तकं, स्वतःच्या परीक्षा. तिथे ‘शाळा की मदरसा’ हा प्रश्नच मुलापुढे येत नाही. आणि एक लक्षात घ्या, सच्चर समितीच्या २००६च्या अहवालानुसार शाळकरी वयाच्या मुस्लीम मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्केच पूर्णवेळ मदरशात जातात. म्हणजे बहुसंख्य मुलांचं दीनी शिक्षण असंच सकाळ-संध्याकाळचं आहे. ते चांगलं कसं करायचं, यावर आपण फारच कमी बोलतो.

हिफ्जची मुलं वेगळी. त्यांची दोन-तीन वर्षं हिफ्जचीच असू द्या, अब्बा म्हणतात तशी. पण त्या काळात मराठी आणि गणित पूर्ण तुटू देऊ नका. रोज दीड तास पुरे, आणि तो सकाळचा. फजरनंतर नवा सबक, न्याहारीनंतर सबक-पारा, साडेदहा ते बारा मराठी-गणित, जोहर, जेवण, थोडी झोप, मग आमुख्ता, आणि असर ते मगरिब, म्हणजे सूर्यास्तापर्यंत, मैदान. मैदान कापू नका, कितीही ओढाताण झाली तरी. इशानंतर दिवा बंद. इशानंतरचा तास तुम्ही प्रेमानं घेता हे मला कळतं, तरी तो बंद करा. हिफ्ज पूर्ण झालं की मूल वयाच्या जवळपासच्या इयत्तेत परत शाळेत बसलं पाहिजे. त्यासाठी त्याचा दाखला, आधारकार्ड, शेवटची इयत्ता ही कागदपत्रं आल्या दिवशीच फाइलला लावून ठेवा. कितीतरी मुलं बुद्धी कमी म्हणून मागे राहत नाहीत, दाखला हरवला म्हणून राहतात.

आलिमियतच्या मोठ्या मुलांना दहावी हवीच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, लोक एनआयओएस म्हणतात त्यातून, १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. किमान पाच विषय, उर्दू किंवा मराठी माध्यम चालतं. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म हा दुसरा मार्ग, त्याच्या अटी आपल्या तालुक्याच्या संपर्क केंद्रात विचारून घ्या. यात एक अडचण कुणी बोलून दाखवत नाही: मदरशाचं वर्ष रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यात सुरू होतं आणि रमजानआधीच्या शाबानला संपतं, शाळेचं जूनला सुरू होतं. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे दोन्ही वर्षांचा मेळ दरसाल सरकत जातो. २०२५ साली रमजान मार्चमध्ये आला आणि दहावीची परीक्षाही त्याच दिवसांत. रमजानच्या रात्री तरावीहच्या लांब नमाजाला उभा राहणारा हाफिज सकाळी भूमितीच्या पेपरला कसा बसेल? मुक्त विद्यालयाची परीक्षा वर्षातून दोनदा होते, दुसरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. अशा वर्षी मुलांना तिला बसवा. अभ्यासक्रम आखताना पुढच्या दहा वर्षांचं हिजरी आणि इंग्रजी कॅलेंडर शेजारी-शेजारी भिंतीवर लावा, निम्मे वाद तिथेच मिटतील.

आता शिक्षक आणि पगार. राज्य सरकारची डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना २०१३पासून आहे. तिच्यात गणित, विज्ञान, समाजशास्त्र, मराठी, इंग्रजी असे विषय शिकवणाऱ्यांना मानधन मिळतं. ऑक्टोबर २०२४मध्ये ते डी.एड. शिक्षकांना सहा हजारांवरून १६ हजार आणि बी.एड. शिक्षकांना आठ हजारांवरून १८ हजार करण्याचा निर्णय झाला. जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा, ट्रस्टची नोंदणी आणि हिशेब नीट असतील तर अर्ज जरूर करा. पण आधी एका गोष्टीचा विचार करा. तुमच्याकडच्या हाफिजसाहेबांना काय मिळतं? पहाटे चारपासून मुलांमध्ये असणाऱ्या माणसाच्या हाती आठ हजार पडत असतील आणि दीड तास गणित शिकवणाऱ्याला १६, तर त्या मदरशात गणिताबद्दल प्रेम कसं वाढेल? नव्या विषयांना होणारा विरोध पुष्कळदा मसल्याचा, म्हणजे धर्मनियमाचा, नसतो, मानाचा असतो. गणिताचा शिक्षक नेमायच्या आधी हाफिजसाहेबांचा पगार वाढवा. आणि सगळी भिस्त सरकारी मानधनावर ठेवू नका. उत्तर प्रदेशात केंद्राच्या अशाच योजनेतल्या शिक्षकांचं मानधन वर्षानुवर्षं थकलं होतं. ते आलं नाही तरी शिक्षक टिकेल एवढी सोय चंद्यातून आधीच करून ठेवा.

मराठीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण इंग्रजीचा एवढा गाजावाजा आहे की मराठी सगळेच विसरतात. तुमच्या मुलांच्या घरी तडवी बोली किंवा अहिराणी, मदरशात उर्दू, पाठांतराला अरबी, बाजारात मराठी. चार भाषा कानावर आणि लिहिता येते जेमतेम एक. चोपड्याच्या एसटी स्टँडवर एकदा सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलानं मला अदबीनं विचारलं, ‘खाला, यावलची गाडी आली की सांगाल?’ गाडी समोर उभी होती, पाटी लावलेली. बोलता बोलता कळलं, त्याचे बावीस पारे पाठ होते. तो अजिबात खजील नव्हता, मला मात्र आत कुठेतरी कालवलं. हा मुलगा उद्या इमाम होईल. लोक त्याच्याकडे निकाहपासून सातबाऱ्यापर्यंत सगळे कागद घेऊन येतील. तहसीलचा अर्ज, दवाखान्याची चिठ्ठी, बँकेची नोटीस हे सगळं मराठीत असतं. आपल्या भागात इमामाला मराठी वाचता-लिहिता येणं ही मस्जिदीचीच गरज आहे. अब्बांना हा मुद्दा इंग्रजीपेक्षा लवकर पटेल.

मोठं उदाहरण हवं असेल तर ते आपल्याच खानदेशात आहे. अक्कलकुव्याला मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवींनी १९७९ साली मदरसा सुरू केला. पुढे त्याच संस्थेनं आयटीआय, फार्मसी, बी.एड. आणि जालना जिल्ह्यात बदनापूरला मेडिकल कॉलेजपर्यंत मजल मारली. ते मौलाना २०११ साली काही महिने देवबंदचे मोहतमिम, म्हणजे प्रमुखही होते. तिथे हिफ्ज बंद पडलं नाही. पण ६४ मुलांच्या मदरशानं अक्कलकुव्याची नक्कल करायला जाऊ नये. तिथे सगळं एका छपराखाली आहे. तुमच्या गावात शाळा आहे, जवळच आयटीआय आहे. तुम्हाला इमारत बांधायची नाही, मुलाला तिथपर्यंत पोचवायचंय.

कायद्याचं भय तरुण विश्वस्तांनी घातलेलं दिसतं, म्हणून थोडक्यात: शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनं मदरसे आणि वेदपाठशाळा त्या कायद्याबाहेर ठेवल्या आहेत. घटनेच्या कलम ३०चा, म्हणजे अल्पसंख्याकांनी आपल्या शिक्षणसंस्था चालवायचा, हक्क तुमच्या ट्रस्टला आहे. सर्वोच्च न्यायालयानं ५ नोव्हेंबर २०२४ला उत्तर प्रदेशच्या मदरसा कायद्याचा निकाल देताना कायदा उचलून धरला, शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी नियम करायचा राज्याचा अधिकारही मान्य केला, आणि कामिल-फाजिल या पदवीच्या पातळीवरच्या सनदा मात्र यूजीसी कायद्याशी विसंगत ठरवल्या. म्हणजे पदवी हवी असलेल्या मुलाला शेवटी विद्यापीठाच्याच दारात जावं लागणार, आणि तिथे जायला दहावी-बारावी लागते.

तुमच्या पत्रात मुली कुठेच नाहीत. ६४ मुलांच्या बहिणी कुठल्या इयत्तेत आहेत, हे आई-बाप भेटायला येतात तेव्हा विचारत चला. नुसतं विचारलंत तरी फरक पडतो.

तुमच्या मुलाविषयी. दहा वर्षांचा आहे, पाच पारे झालेत, म्हणजे त्याला गोडी आहे. ती मोडू नका. पण त्याला कुणी विचारलंय का? आजोबांना वाटतं, आईला वाटतं, तुम्हाला वाटतं. पोराला काय वाटतं ते चार पानांत कुठे नाही. त्याला शांतपणे विचारा, एकटं असताना. हो म्हणाला तर दोन वर्षं हिफ्ज, शाळेच्या पटावरचं नाव कायम, मराठी-गणित तुमच्याकडे रोज सकाळी. नाही म्हणाला तर शाळा चालू आणि पहाटे आजोबांकडे रोज थोडंथोडं. सहा-सात वर्षांत तेही पूर्ण होतं. आईच्या काळजीला नुसतं ‘बघू’ म्हणू नका, हा बेत तिच्यासमोर बसून ठरवा.

राहिले अब्बा. त्यांना समजवायला जाऊ नका, त्यांच्याबरोबर एक काम करा. कोरी वही घ्या. असरनंतर ते ओट्यावर बसतात तेव्हा शेजारी बसा आणि म्हणा, अब्बा, आपल्याकडून आजवर जी मुलं गेली ती आज कुठे आहेत, ते लिहून काढू. कोण इमाम आहे, किती पगारावर, किती गावं बदलली. कोण सुरतेला टायरच्या दुकानात. कोणाची दस्तारबंदी (हिफ्ज पुरं झाल्यावर पगडी बांधणं) झाली आणि आता आमुख्ता सुटलाय. कोण दहावी झाला, कोणाला फॉर्म भरता आला नाही. तुम्ही फक्त लिहा, मध्ये बोलू नका. अभ्यासक्रमात काय हवं ते त्या वहीतूनच निघेल, आणि ते तुम्ही सांगायच्या आधी तेच सांगतील. रजिस्टर शोधत बसू नका, तीस वर्षांतली नावं त्यांना तोंडपाठ असतील.